दुखणं गेलं, मागोमाग दाढही गेली

अकोल्यात काय नि अमरावतीत काय, कुणाच्या दाढेचं रूट कॅनल झालं की आठवड्याभरात त्याला फुकटचे सल्लागार भेटतात. सल्ला ठरलेला असतो. ‘‘दुखनं गेलं ना भौ? मंग आता कॅप कायले? डॉक्टर दाढेले नाई, तुले टोपी घालून रायला.’’ पानठेल्यावर हशा पिकतो. ज्याची दाढ आहे तोही हसतो, कारण त्याला नेमकं हेच ऐकायचं असतं. चार-पाच हजार वाचले या समाधानात तो घरी जातो. पुढे कधीतरी तीच दाढ उभी चिरते आणि तो पुन्हा त्याच दवाखान्याच्या बाकावर येऊन बसतो. त्या वेळी प्रश्न कॅपचा नसतो, पकडीचा असतो.

हा सल्ला निव्वळ मूर्खपणाचा असता तर त्याला उत्तर देण्यात शाई घालवायचं कारण नव्हतं. तो अर्धा खरा आहे, म्हणूनच दाढा खातो. तेव्हा त्याचा एकेक धागा उसवून बघू.

आधी दुखण्याचं. रूट कॅनलनंतर ठणका थांबतो तो दाढ बरी झाली म्हणून नव्हे, ठणकणारी गोष्टच काढून टाकली म्हणून. दाताच्या पोटात नसा आणि रक्तवाहिन्यांचा मऊ गर असतो. कीड तिथवर पोचली की तो सडतो आणि माणसाला रात्रभर येरझारा घालायला लावतो. डॉक्टर दाढेला वरून भोक पाडून हा गर काढतात, मुळांमधल्या नळ्या धुऊन साफ करतात आणि गटापर्चा नावाच्या रबरासारख्या पदार्थाने बुजवतात. या सगळ्या खटाटोपात दाढेची ताकद तसूभरही वाढत नाही. आधी किडीने खाल्लेली, मग डॉक्टरांनी कोरलेली अशी ती दाढ. तिच्या चार भिंती उरतात, कधी तीन, कधी दोनच. दुखणं हा पहारेकरी होता. तो गेला म्हणून चोरही गेला असं मानण्याची ही तऱ्हा आहे.

इथे डॉक्टरांकडून ऐकू येणारी एक गोष्टही दुरुस्त करून घ्यायला हवी. नस काढली की दाढ वाळते, ठिसूळ होते, म्हणून कॅप लावायची असं कारण सर्रास सांगितलं जातं. १९८९ साली रीह, मेसर आणि डग्लस यांनी काढलेल्या दातांवर मोजमापं घेतली, तेव्हा निव्वळ रूट कॅनलमुळे दाताचा ताठपणा जेमतेम ५ टक्क्यांनी घटलेला दिसला. शेजारच्या दातांना टेकणाऱ्या दोन्ही कडा गेल्या असतील तर मात्र तो ६३ टक्क्यांनी घटतो. म्हणजे दाढेला मारक ठरतं ते नस काढणं नव्हे, कडा जाणं. हे आकडे दोन्ही पक्षांना अडचणीचे आहेत. पानठेल्यावरच्या सल्लागाराला यासाठी, की कडा गेलेली दाढ दुखत नसली तरी मोडायला टेकलेलीच असते. आणि डॉक्टरांना यासाठी, की ज्या दाताच्या कडा शाबूत आहेत त्याला कॅप लावण्याचं कारण तिथल्या तिथे पातळ होतं.

जोर लावून चावलं तर मागच्या दाढांवर पन्नास-साठ किलोंचा भार सहज येतो. पोकळ दाढेत नुसतं सिमेंट भरलं, तर हा भार भिंतींना बाहेर फाकवतो. कॅप त्या भिंतींना चहूकडून कवेत घेते आणि फाकू देत नाही. तिचं मुख्य काम एवढंच. पांढरा रंग वगैरे नंतरची गोष्ट.

चिरलेली दाढ कशी दिसते हे सल्लागारांनी एकदा जवळून पाहावं. फुटाणा पुरतो, भाकरीतली कच पुरते. तोंडात ‘कट्’ आवाज होतो, पण दुखत नाही, कारण दुखायला आत नसच नाही. दोन दिवसांनी जेवताना हिरडी चिमटायला लागते. डॉक्टर टोकदार सळईने दाढेची आतली भिंत हलकेच दाबतात. भिंत हलते, केसाएवढी काळी रेघ रुंदावते आणि तिच्यातून लाळेचा एक बारीक बुडबुडा वर येतो. ती रेघ हाडाखाली मुळात उतरली असेल, तर मुंबई-पुण्यातला कितीही मोठा डॉक्टर ती दाढ जोडून देणार नाही. रूट कॅनलला घातलेले पैसे, घेतलेल्या सुट्ट्या, खाल्लेल्या गोळ्या, सगळं त्या बुडबुड्यात गेलं.

हे सगळं डॉक्टरांनी स्वतःच्या सोयीने रचलेलं आहे, असं कुणी म्हणेल. तर मग अमेरिकेतल्या नोंदी बघा. आयोवा विद्यापीठात अक्विलिनो आणि कॅप्लन यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत रूट कॅनलनंतर कॅप न लावलेले दात, कॅप लावलेल्यांच्या सहापट वेगाने गमावले गेले. २००४ मध्ये सालेहराबी आणि रोटस्टीन यांनी विमा कंपनीच्या नोंदींतून चौदा लाखांहून जास्त दात तपासले. आठ वर्षांनंतरही ९७ टक्के दात तोंडात टिकून होते. आणि जे काढावे लागले त्यांतल्या ८५ टक्क्यांवर पूर्ण कॅप नव्हती. दाढेचं मरण रूट कॅनलमुळे फारसं येत नाही, ते अर्धवट सोडल्यामुळे येतं, असा या आकड्यांचा रोख आहे.

अशा पाहण्यांची एक कच्ची बाजू आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. ज्याच्याकडे पैसे आहेत, ज्याची दाढ मुळात बरी आहे, तोच कॅप लावून घेतो. मग टिकण्याचं श्रेय कॅपला किती आणि मूळ दाढेला किती? चिठ्ठ्या टाकून रुग्णांचे दोन गट केलेले काटेकोर प्रयोग या विषयात फार थोडे आहेत. कोक्रेनच्या २०१५ च्या आढाव्याला तसा एकच सापडला. त्यात ११७ रुग्ण होते, सगळे उपदाढांचे, तीन वर्षांचा हिशेब, आणि कॅप व चांगलं भरणं यांत म्हणण्याजोगा फरक दिसला नव्हता. पण सल्लागारांनी लगेच टाळ्या पिटू नयेत. त्या प्रयोगातलं भरणं म्हणजे फायबरची काडी मुळात बसवून थर-थर देत केलेलं निगुतीचं काम होतं. आणि उपदाढ म्हणजे मागची भली मोठी दाढ नव्हे.

आता लुटीचा आरोप. इथे मी सल्लागारांच्या बाजूने दोन पावलं चालायला तयार आहे. समोरच्या दाताला आपटून मार लागला, रूट कॅनल झालं, मागे बारीकसं भोक आहे आणि बाकी दात धडधाकट आहे, अशा दाताला कॅप लावायची गरज बहुधा नसते. सोरेन्सन आणि मार्टिनॉफ यांनी १९८४ साली रूट कॅनल झालेले १२७३ दात तपासून हेच सांगितलं होतं: मागच्या दाढा-उपदाढांना कॅपचा स्पष्ट फायदा, पुढच्या दातांना नाही. तरीही ‘स्माइल’च्या नावाखाली लग्नाआधी चांगले सहा-सहा दात घासून त्यांवर पांढऱ्याफेक कॅपा चढवण्याची टूम आपल्याकडेही आली आहे. घासलेला दात पुन्हा उगवत नाही. त्या व्यवहाराला लूट म्हणायला माझी हरकत नाही.

दुसरं, झिरकोनियाचं. दवाखान्यात भिंतीवर दरपत्रक असतं: मेटल, मेटल-सिरॅमिक, झिरकोनिया. दोन-तीन हजारांपासून पंधरा हजारांपर्यंत आकडे चढत जातात आणि बोलता बोलता रुग्ण वरच्या पायरीवर नेला जातो. सोबत पाच, दहा, पंधरा वर्षांचं वॉरंटी कार्ड. हे कार्ड कॅपच्या तुकड्याचं असतं, खालच्या दाढेचं नसतं, हे किती जणांना सांगितलं जातं? दाढ कडेने किडली तर कार्ड देवघरात ठेवा नाहीतर बॅंकेच्या लॉकरमध्ये. आणि सगळ्यात मागच्या, हसताना न दिसणाऱ्या दाढेला साधी पूर्ण धातूची कॅप उत्तम चालते. मेटल-सिरॅमिकपेक्षा तिच्यासाठी दाढ कमी घासावी लागते, तिचा टवका उडत नाही, आणि ती सगळ्यांत स्वस्त. शेतात राबून भाकर-ठेचा खाणाऱ्या माणसाला हा पर्याय आधी सांगायला हवा. बऱ्याच ठिकाणी तो शेवटी, आवाज उतरवून सांगितला जातो. एकेकाळी वऱ्हाडातले सावकार सोन्याचा दात मिरवायचे. आता धातूचा दात म्हटलं की नाक मुरडतात. मागच्या दाढेत डोकावायला कोण येणार आहे?

दोन पावलं झाली, इथून मी परत फिरतो. महाग कॅप विकली जाते म्हणून कॅपच खोटी, हा तर्क कुठल्या बाजारात चालेल? बोगस बियाणं विकणारे आहेत म्हणून कुणी पेरणी सोडत नाही.

‘‘दहा मिनिटांचं काम, त्याचे एवढे पैसे?’’ हाही एक लाडका प्रश्न. दहा मिनिटं दिसतात ती शेवटची. त्याआधी दाढ चहूबाजूंनी मोजून घासावी लागते, आणि हिरडीच्या वर दीड-दोन मिलिमीटर शाबूत दात कॅपच्या पकडीत राहील असं बघावं लागतं; एवढाही दात उरला नसेल तर कॅप आज ना उद्या दाढेच्या ठुठ्यासकट हातात येते. मग माप घेतलं जातं, ते लॅबमध्ये जातं. तिथला कारागीर प्लास्टरच्या जबड्यावर तुमच्या दाढेचे उंचवटे आणि खाचा पुन्हा घडवतो. त्याचं नाव रुग्णाला कधी कळत नाही. कॅप आली की डॉक्टर दातांमध्ये निळा कागद धरतात, ‘चावा’ म्हणतात, आणि जिथे निळा ठिपका गडद उमटला तिथे कणभर घासतात. पुन्हा चावा, पुन्हा घासा. केसाएवढी उंच राहिली तरी समोरची दाढ ठणकते. कडेला केसाएवढी फट राहिली तरी तिथून कीड आत शिरते. ‘कॅपखाली दाढ सडते’ ही तक्रार जिथे खरी निघते, तिथे अशी फट असते, नाहीतर कॅप बसली म्हणून ब्रशला सुट्टी दिलेली असते.

सल्लागारांचा हुकमाचा पत्ता यानंतर पडतो: ‘‘काढून टाक ना, बत्तीसातली एक.’’

बत्तीसातली एक गेल्याने माणूस मरत नाही, हे कबूल. दंतवैद्यकातही असा विचार आहे की वीसेक चांगले दात समोरासमोर भेटत असतील तर खाणं निभतं. अगदी मागची, समोर जोडीदार नसलेली दाढ गेली तर तिच्या मागे फार लागू नये. जपानने १९८९ मध्ये ८०२० नावाची मोहीम काढली, म्हणजे ऐंशीव्या वर्षी स्वतःचे वीस दात. २०१६ च्या तिथल्या पाहणीत निम्म्याहून थोड्या जास्त वृद्धांनी ते गाठलेलं होतं. पण वीस दात उरतात ते एकेक वाचवल्याने. आपल्याकडे ‘बत्तीसातली एक’ हे वाक्य एकाच तोंडाबद्दल पाच-सात वेळा म्हटलं जातं.

शिवाय काढणं स्वस्त पडतं हा हिशेब पहिल्याच दिवसापुरता खरा आहे. पहिली मोठी दाढ काढली की वर्षा-दोन वर्षांत शेजारची तिथे कलंडते, समोरची खाली लोंबायला लागते, फटीत डाळ-भाजी अडकते आणि माणूस नकळत दुसऱ्या बाजूने चावू लागतो. मग कधीतरी खड्डा भरून घ्यायची इच्छा होते. इम्प्लांटचा आकडा ऐकून तो मागे सरतो आणि ब्रिज करायचं ठरतं. ब्रिज म्हणजे दोन्ही बाजूंच्या चांगल्या दाढा घासून त्यांवर कॅपा आणि मधे लटकता दात. एक कॅप टाळायला निघालेला माणूस तीन कॅपांचे पैसे मोजतो, तेही दोन निरोगी दाढा खर्ची घालून. हा हिशेब पानठेल्यावर कुणी मांडत नाही. जे अजून स्वस्ताच्या मागे लागतात ते बाजाराच्या दिवशी रस्त्याकडेला पेटीत दात मांडून बसलेल्याकडे जातात. तो शेजारच्या दातांना प्लास्टिकचा दात कायमचा चिकटवून देतो आणि त्याखालची हिरडी कुजत राहते. नोंदणी नसलेल्याने दातांना हात लावू नये म्हणून या देशात १९४८ सालीच कायदा झाला, पण पेटी काही मिटली नाही.

‘‘आमच्या आज्यानं कधी कॅप लावली? अखेरपर्यंत ऊस सोलून खात होता!’’ असे आजोबा होते, नाही असं नाही. पण मग वऱ्हाडातल्या घराघरांत तो लहानसा लोखंडी खलबत्ता कशासाठी होता? पान कुटायला. आजीच्या तोंडाचं बोळकं झालेलं असायचं म्हणून. ऊस खाणारा आजोबा आठवणीत राहतो आणि कण्या खाणाऱ्या चार आज्या विसरल्या जातात. त्यांच्या काळात घरोघर बिस्किटांचे पुडे आणि शीतपेयाच्या बाटल्याही नव्हत्या. देशभर झालेल्या २००२-०३ च्या मौखिक आरोग्य पाहणीत ३५ ते ४४ वयाच्या दर दहांपैकी साधारण आठ जणांचे दात किडलेले होते. आता आजोबांचा दाखला कुणाच्या कामाचा?

खारपाणपट्ट्यातली माणसं दोष पाण्याला देतात. पूर्णेच्या खोऱ्यातलं पाणी खारं आहे आणि त्या पाण्याने अकोला, अमरावती, बुलढाण्यातल्या गावांचे हाल केले आहेत, याबद्दल वाद नाही. पण मिठाने दात किडत नाही. तो किडतो साखरेने, आणि साखरेवर जगणाऱ्या जिवाणूंच्या आम्लाने. खाऱ्या पाण्याचा चहा कडक गोड केला जातो, तो दिवसातून सहा वेळा घेतला जातो, तिथे बघावं.

आणि खर्रा. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे; सुपारी, तंबाखू, चुना घोटून दिलेला खर्रा मात्र विदर्भात कोपऱ्याकोपऱ्यावर मिळतो. सुपारीने दाढा झिजतात, त्यांना चिरा जातात हे खरं, पण खरी भीती वेगळी आहे. सुपारीमुळे गालाच्या आतली कातडी आखडत जाते आणि तोंड उघडेनासं होतं. दोन बोटं आत जात नाहीत अशा तोंडात मागच्या दाढेपर्यंत यंत्र न्यायचं कसं? तिथे रूट कॅनलही नाही, कॅपही नाही. आणि पुढे कर्करोगाची टांगती तलवार. जो सल्लागार कॅपला लूट म्हणतो, त्याच्या गालात त्या क्षणी काय असतं हे पाहण्यासारखं असतं. वर्षभराच्या खर्ऱ्याचा हिशेब त्याने कधी केलेला नसतो.

आता मूळ दुखण्याकडे. लोक कॅपवाचून उठून जातात ते केवळ अडाणीपणामुळे, असं म्हणणं डॉक्टरांना सोयीचं आहे. मला ते पटत नाही. दवाखाना स्वतःच एका कामाची दोन बिलं करतो: रूट कॅनलचे एवढे, कॅपचे वेगळे. दुसरं बिल येतं तेव्हा ठणका थांबलेला असतो. दुखताना माणूस कितीही देतो. दुखायचं थांबल्यावर त्याला पोराची फी आठवते. जे वेगळं विकलं जातं ते ऐच्छिक वाटतं, यात गिऱ्हाइकाचं काय चुकलं?

त्यात हंगाम. दाढ जूनमध्ये ठणकते, पैसा त्या वेळी बियाण्यात आणि खतात गेलेला असतो. ‘सोयाबीन निघालं की करू’ म्हणतात. सोयाबीन निघतं, भाव पडलेला असतो, मग ‘कापूस विकला की’. तोवर दाढेत तात्पुरतं सिमेंट. ते काही आठवड्यांचं असतं, महिन्यांचं नव्हे. झिजून फट पडली की लाळ आणि जिवाणू खाली उतरतात आणि साफ केलेल्या नळ्या पुन्हा घाण होतात. रे आणि ट्रोप यांनी १९९५ मध्ये हजारावर दातांचे एक्स-रे तपासले, तेव्हा मुळाची तब्येत आतल्या रूट कॅनलइतकीच, किंबहुना जास्तच, वरच्या झाकणावर अवलंबून दिसली.

सरकारी व्यवस्था इथे बहुतेक ठिकाणी दात काढून देण्यापाशी थांबते. अमरावतीत इर्विन, अकोल्यात सर्वोपचार. तिथे दाढ निघते, कॅपसाठी लागणारी लॅब आणि फेऱ्या यांचा मेळ बसणं कठीण. आरोग्य विम्यात दातांचा खर्च अपघात वगळता सहसा धरत नाहीत. शासकीय दंत महाविद्यालय नागपूरला. मधला मार्ग म्हणजे खासगी दंत महाविद्यालयं: अमरावतीत तपोवन-वडाळी रस्त्यावरचं विदर्भ युवक कल्याण संस्थेचं, अकोल्याजवळ कान्हेरीचं. तिथे विद्यार्थी शिक्षकांच्या नजरेखाली कमी पैशात कॅप करतात. वेळ लागतो, फेऱ्या वाढतात, पण विद्यार्थी घाईत नसतो आणि चुकलं तर शिक्षक पुन्हा करायला लावतात. अकोटच्या किंवा दर्यापूरच्या माणसाला हे जमण्यासारखं आहे. धारणीच्या माणसाला नाही: अमरावती तिथून दीडशे किलोमीटरच्या आसपास, घाटाची वाट, आणि प्रत्येक फेरीला एक रोजी बुडते. मेळघाटात कॅप का लावत नाहीत असं विचारण्याआधी एसटीचं वेळापत्रक बघावं.

म्हणून माझं भांडण सल्लागारांशी जितकं, तितकंच दरपत्रकाशी आहे. मोठ्या दाढेच्या रूट कॅनलचा आकडा सांगताना कॅप धरूनच सांगा, पहिल्याच दिवशी, कागदावर. कॅप लागणार नसेल तर तेही लिहून द्या. किती भिंती उरल्या आहेत ते रुग्णाला आरशात दाखवा. धातूच्या कॅपचा दर सगळ्यात वर लिहा. आणि पैसे हंगामाप्रमाणे घ्या. कृषी केंद्रवाला पेरणीला बॅग उधार देतो आणि दिवाळीनंतर वसूल करतो, त्याचा धंदा काही बुडालेला नाही. दवाखान्याने अर्धे आता घ्यावेत, उरलेले सोयाबीनवर. कॅप मात्र याच महिन्यात बसवावी. उधारी बुडेल ही डॉक्टरांची भीती मला समजते. पण बुडवणाऱ्याच्या तोंडात आणखी एकतीस दात असतात, आणि तालुक्याला डॉक्टर मोजकेच.